वडिलांच्या डोळ्यात बुरशी, डॉक्टर म्हणतात लगेच बुबुळ बदला: करावं का?

प्रश्न असा आहे: "वडील ५६ वर्षांचे, शेतकरी, मधुमेह आहे. उसाचं पाचट काढताना पात उजव्या डोळ्याला लागली. दोन दिवस घरीच मध वगैरे घातला, मग मेडिकलमधून थेंब आणले. लाली उतरली, बरं वाटलं. पण दहाएक दिवसांनी डोळा ठणकायला लागला आणि बुबुळावर पांढरा डाग दिसू लागला. जिल्ह्याच्या ठिकाणी तपासणीत बुरशी निघाली. नाटामायसिनचे थेंब दर तासाला चालू आहेत, आज नववा दिवस. तरी डाग वाढतोय, आत पू साचलाय. डॉक्टर म्हणतात, बुबुळ मध्यभागी फार पातळ झालंय, संसर्ग कडेपासून दीड मिलिमीटरवर आलाय, एक-दोन दिवसांत बुबुळ बदलावं लागेल. पण नजर येईलच असं म्हणत नाहीत. नजरेची खात्री नसेल तर ऑपरेशन कशाला? अजून पंधरा दिवस औषध करून पाहिलं तर? आणि पुण्याला हलवावं का?"

आधी निकाल सांगतो, कारणं नंतर. ऑपरेशन करून घ्या आणि पंधरा दिवस थांबू नका. डोळा मी पाहिलेला नाही, म्हणून शेवटचा शब्द तुमच्या डॉक्टरांचाच. पण तुम्ही लिहिलेल्या तीन गोष्टी एकत्र आल्या, म्हणजे नऊ दिवस पुरेसं औषध घालूनही डाग वाढणं, मध्यभाग पातळ होणं आणि संसर्ग कडेजवळ सरकणं, की कॉर्नियाचं, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक काचेचं, काम करणारा कुठलाही सर्जन हेच सांगेल.

तुमचा सगळा गोंधळ एका जागी आहे: बुबुळ बदलणं म्हणजे नजर आणण्याचं ऑपरेशन, असं तुम्ही धरून चालला आहात. तुम्हीच नाही, बहुतेक सगळे. फूल पडलेल्या डोळ्याचं रोपण झालं आणि माणसाला दिसायला लागलं, अशा बातम्या आपण वाचतो. ते ऑपरेशन शांत डोळ्यावर, ठरवून, तारीख घेऊन होतं. तुमच्या वडिलांचं तसं नाही. त्यांच्या डोळ्यात आत्ता जिवंत बुरशी आहे आणि औषध तिच्यापर्यंत पोचत नाही. म्हणून बुरशी ज्या भागात आहे तो भागच कापून बाहेर काढायचा, आणि पडलेल्या भोकाला झाकण हवं म्हणून तिथे दात्याचा कॉर्निया बसवायचा. गळू कापून साफ करण्याच्या जातीचं हे काम आहे. पहिलं उद्दिष्ट संसर्ग संपवणं, दुसरं डोळ्याचा गोळा शाबूत ठेवणं, आणि नजर तिसऱ्या क्रमांकावर. डॉक्टर नजरेची खात्री देत नाहीत, हे मला उलट चांगलं लक्षण वाटतं. या घडीला जो खात्री देईल त्याच्यापासून जरा जपून.

आता औषध का पोचत नाही ते पाहू. बुबुळाचा जो पुढचा पारदर्शक भाग, कॉर्निया, तो जेमतेम अर्धा मिलिमीटर जाडीचा आणि साधारण साडेअकरा मिलिमीटर व्यासाचा असतो. त्यात रक्तवाहिन्या नसतात, म्हणून तर तो काचेसारखा स्वच्छ. पण त्यामुळेच तोंडाने घेतलेली औषधं आणि शरीराच्या पांढऱ्या पेशी तिथे पोचायला वेळ लागतो. नाटामायसिन हे बुरशीवरचं आपलं पहिलं औषध. ते थेंबात विरघळलेलं नसतं, नुसतं मिसळलेलं असतं, आणि कॉर्नियात खोलवर जात नाही. वरच्या थरात बुरशी असेल तर उत्तम काम करतं. बुरशीचे धागे मात्र सरळ खाली घुसतात. कॉर्नियाच्या तळाशी डेसेमेट नावाचा पडदा आहे, मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढा. बॅक्टेरियांना हा पडदा बऱ्याचदा थोपवून धरतो. बुरशी मात्र हा पडदा न फाडताही त्यातून पलीकडे जाऊ शकते. तुम्ही म्हणता तो "आत साचलेला पू" हा त्या पलीकडच्या जागेतला. एकदा बुरशी तिथे पोचली की थेंबांचा जोर फारसा चालत नाही.

"मग दुसरं भारी औषध नाही का?" हा पुढचा प्रश्न येतोच. आहे, व्होरिकोनाझोल. महाग आहे, आणि महाग म्हणजे चांगलं असं आपल्याला वाटतं. यावर आपल्याच देशात मोठं काम झालं आहे. मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयाच्या शाखांमध्ये झालेल्या अभ्यासाचे निकाल २०१३ मध्ये आले. नाटामायसिनचे थेंब आणि व्होरिकोनाझोलचे थेंब यांची तुलना होती, आणि नाटामायसिन सरस ठरलं. फ्युजेरियम नावाच्या बुरशीत तर फरक फारच ठळक होता. दुसरा अभ्यास भारत आणि नेपाळमधल्या २४० रुग्णांवर झाला, निकाल २०१६ मध्ये. गंभीर बुरशी-संसर्गात थेंबांच्या जोडीला व्होरिकोनाझोलच्या गोळ्या दिल्याने डोळा फुटणं किंवा रोपणाची वेळ येणं टळतं का, हा प्रश्न होता. एकूण रुग्णांत टळलं नाही. तेव्हा औषध बदलून पंधरा दिवस काढावेत याला या टप्प्यावर फारसा आधार नाही. कॉर्नियाच्या आत सुईने औषध सोडता येतं, काही सर्जन सोडतात, पण पातळ झालेल्या, फुटायला आलेल्या जागी सुई टोचणं धोक्याचं.

आणि थांबण्याची किंमत काय, ती मिलिमीटरमध्ये मोजा. कापताना संसर्गाच्या सगळ्या बाजूंनी साधारण एक मिलिमीटर निरोगी भाग जास्तीचा घ्यावा लागतो, नाहीतर कडेला राहिलेले धागे नव्या कॉर्नियात परत पसरतात. आज कड दीड मिलिमीटरवर आहे, म्हणजे एक मिलिमीटर सोडून कापलं तर अर्धा शिल्लक राहतो. जेमतेम बसतंय. आणखी चार दिवसांनी संसर्ग कडेला भिडला की स्वच्छ कड मिळणारच नाही. कडेच्या पलीकडे स्क्लेरा, म्हणजे डोळ्याचा पांढरा भाग. बुरशी त्यात शिरली की तिला उपटून काढणं फार कठीण. शिवाय जितका मोठा तुकडा बदलावा लागतो तितका तो रक्तवाहिन्यांच्या जवळ जातो, शरीर तो नाकारण्याची शक्यता वाढते, आणि डोळ्यातलं पाणी निचरा होण्याचा कोपरा चिकटून दाब वाढतो. आठ मिलिमीटरच्या रोपणाचं आणि अकरा मिलिमीटरच्या रोपणाचं भविष्य एकसारखं नसतं. तुमच्या डॉक्टरांनी "दीड मिलिमीटर" असा आकडा सांगितला, याचा अर्थ ते रोज मोजून लिहून ठेवत आहेत. हे डॉक्टर सोडू नका.

याचा अर्थ प्रत्येक बुरशीच्या डोळ्याला चाकू लावायचा असा नाही. बुरशी हळू बरी होते. पहिल्या आठवड्यात डाग लहान झाला नाही तरी वाढलाही नाही, कडा जरा बोथट दिसल्या, ठणका कमी झाला, तर ते बरं होण्याचंच लक्षण. अशा वेळी तीन-चार आठवडे, कधी त्याहूनही जास्त, चिकाटीने थेंब घालत बसावं लागतं, आणि पुष्कळ डोळे असेच वाचतात. नाटामायसिनचा पांढरा थर जखमेवर चिकटून राहतो; तो पाहून घरचे लोक "पू वाढला" म्हणून घाबरतात. तो पू नसतो, औषध असतं. हे मुद्दाम सांगतोय, कारण घाईने रोपण करणं हीसुद्धा चूकच. गरम, सुजलेल्या डोळ्यात बसवलेला कॉर्निया शांत डोळ्यातल्याइतका टिकत नाही. म्हणजे थांबायचं तर डाग थांबलेला असेल तेव्हा. तुमच्या वडिलांचा थांबलेला नाही.

मधल्या वाटाही असतात. भोक अगदी लहान असेल, दोनेक मिलिमीटरपर्यंत, तर सायनोअॅक्रिलेट हा डिंक लावून वर मऊ कॉन्टॅक्ट लेन्स ठेवता येते. डोळ्याच्याच पांढऱ्या भागावरचं पातळ आवरण काढून भोकावर शिवता येतं. लहान, कडेच्या जखमेला फक्त तेवढ्यापुरता ठिगळासारखा तुकडा लावता येतो. पण डाग सात-आठ मिलिमीटरचा आणि खोल असेल तर डिंकाखाली बुरशी तशीच वाढत राहते.

इथे एक गोष्ट विचारून घ्या: स्लाइडवर जे दिसलं ते खरंच बुरशी आहे ना, आणि कल्चरमध्ये, म्हणजे नमुना वाढवून पाहिला त्यात, काय उगवलं? बुबुळावरचा खरवड काचपट्टीवर घेऊन त्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकतात. डोळ्याच्या पेशी विरघळून जातात आणि सूक्ष्मदर्शकाखाली फांद्या फुटलेले, मध्ये मध्ये आडवे पडदे असलेले धागे दिसतात. काही मिनिटांचं काम. पण पिथियम नावाचा एक जीव आहे, दिसतो बुरशीसारखा, कुळाने बुरशी नाही. ओल्या मातीशी, साचलेल्या पाण्याशी त्याचा संबंध. त्याच्या धाग्यांत पडदे फार थोडे असतात. त्यावर नाटामायसिन जवळपास निरुपयोगी. लिनेझोलिड आणि अझिथ्रोमायसिन ही बॅक्टेरियांवरची औषधं वापरतात, आणि तरीही त्यातल्या बऱ्याच डोळ्यांना लवकर रोपण लागतं. नऊ दिवस बुरशीचं औषध देऊन रतिभर फरक नाही, तर तुमच्या डॉक्टरांच्याही मनात हा संशय एव्हाना आला असेल. तसं असेल तर थांबण्यात आणखीनच अर्थ नाही.     

ऑपरेशनच्या दिवशी काय होतं, हे माहीत असलेलं बरं. शक्यतो पूर्ण भूल देतात. फुटायला आलेल्या डोळ्याच्या बाजूला सुई देऊन भूल भरली तर मागून दाब येतो, आणि तो आम्हाला नको असतो. त्याआधी डोळ्याचा दाब उतरवायला मॅनिटॉलची बाटली लावतात. म्हणून उपाशीपोटी ठेवतील, साखर आणि रक्तदाब पाहतील. वडील रक्त पातळ करणारी गोळी घेत असतील तर आधीच सांगा, मागाहून नको.

सूक्ष्मदर्शकाखाली सडलेल्या भागाभोवती गोल पात्याने खूण करतात. निरोगी डोळ्यात हे पातं सहज फिरतं. इथे डोळा मऊ पडलेला असतो, जोर देता येत नाही, म्हणून खूण उथळ करून उरलेलं काम बारीक ब्लेड आणि कात्रीने सांभाळून पुरं करावं लागतं. बुबुळाचा तुकडा उचलला की खाली आयरिसवर, म्हणजे बाहुलीभोवतीच्या रंगीत पडद्यावर, पू आणि चिकट जाळी पसरलेली असते. ती बारीक चिमट्याने, कडेपासून, आयरिसला न ओढता साय काढावी तशी सोलून काढायची. घाईत ओढली तर आयरिस रक्ताने भरून जाते आणि पुढचं काही दिसत नाही. मग आतली जागा धुवायची, गरज वाटली तर आत बुरशीचं औषध सोडायचं, आणि आयरिसच्या कडेला एक बारीक छिद्र ठेवायचं म्हणजे आतलं पाणी अडून दाब वाढणार नाही. डोळ्याचं स्वतःचं भिंग शक्यतो हलवायचं नाही, त्यात मोतीबिंदू असला तरी. पुढचा संसर्ग मागच्या पोकळीत जाऊ न देणारी ती भिंत आहे. घरच्यांची मागणी असते, "आत आहात तर मोतीबिंदूही काढून टाका." या ऑपरेशनमध्ये नाही.

दात्याचा तुकडा आपल्या भोकापेक्षा अर्धा ते एक मिलिमीटर मोठा कापून बसवतात आणि केसाहून बारीक नायलॉनने एकेक सुटा टाका घेतात, सोळा किंवा जास्त. एकच सलग टाका नाही घालत, कारण मऊ झालेल्या कडेत एखादा टाका कापत गेला तर तेवढाच काढून नवा घालता यायला हवा. सगळं मिळून तास-दीड तास. डोळा उघडा असतो तेवढी मिनिटं सर्जनच्या जिवाला घोर. मागच्या रक्तवाहिनीतून एकदम रक्तस्राव होऊन डोळा हातचा जाणं हा दुर्मीळ पण खरा धोका आहे, आणि संमतीपत्रावर तो लिहिलेला दिसला तर घाबरून पेन खाली ठेवू नका. काढलेला तुकडा फेकत नाहीत. अर्धा कल्चरला, अर्धा पॅथॉलॉजीला जातो, आणि बुरशी त्याच्या कडेपर्यंत पोचली होती का हे त्यातून कळतं. तो रिपोर्ट मागून घ्या. पुढचं औषध किती जोरात चालवायचं ते त्यावर ठरतं.

तो कॉर्निया येतो कुठून? नेत्रपेढीतून, मृत्यूनंतर नेत्रदान केलेल्या माणसाचा. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत तो काढतात, दात्याच्या रक्तात एचआयव्ही, कावीळ बी आणि सी, सिफिलिस तपासतात, आणि द्रावणात थंड ठेवतात. साध्या एमके द्रावणात चार दिवस, महागड्या द्रावणात १४ दिवसांपर्यंत. रक्तगट जुळवावा लागत नाही. दात्याचं नाव तुम्हाला सांगणार नाहीत, त्यांच्या घरच्यांना तुमचं कळणार नाही. कॉर्नियाची खरेदी-विक्री कायद्याने गुन्हा आहे. पेढी तपासणी आणि जतनाचा खर्च घेऊ शकते, त्याची पावती मिळते.

एक गोष्ट डॉक्टर कदाचित घाईत सांगतील आणि ती तुम्हाला खटकेल. तातडीच्या रोपणाला बऱ्याचदा "दुसऱ्या प्रतीचा" कॉर्निया वापरतात. कॉर्नियाच्या आतल्या थरात पाणी उपसून तो स्वच्छ ठेवणाऱ्या पेशी असतात, आणि त्या माणसात नव्याने तयार होत नाहीत. वयस्कर दात्याच्या कॉर्नियात त्या कमी असतात. असा कॉर्निया नजरेच्या ऑपरेशनला देत नाहीत, पण संसर्ग काढून भोक बुजवायला पूर्ण चालतो. अगदीच ताजा मिळाला नाही तर ग्लिसरिनमध्ये महिनोन् महिने ठेवलेलाही वापरतात. तो पांढुरकाच राहणार, त्यातून दिसणार नाही, पण डोळा बंद होतो, बुरशी जाते. गरिबाला वाईट माल दिला, असा हिशेब इथे करू नका. पेटलेल्या डोळ्यात एक नंबरचा कॉर्निया बसवला तरी तो धूसर होण्याची शक्यता मोठी असते. तो एक नंबरचा कॉर्निया, डोळा शांत झाल्यावर, दुसऱ्या फेरीत वडिलांना मिळाला तर जास्त कामाचा.

दुसरी फेरी, म्हणजे नजर. संसर्ग संपून डोळा सहा महिने ते वर्षभर शांत राहिला की स्वच्छ कॉर्निया बसवायचा विचार करतात, मोतीबिंदूही तेव्हाच निघतो. मधल्या काळात डोळ्याचा दाब आटोक्यात ठेवणं फार महत्त्वाचं, कारण दाबाने मागची नस गेली तर पुढे कितीही छान काच बसवा, दिसणार नाही. आज टॉर्चचा उजेड चारही बाजूंनी नेमका कुठून येतोय हे वडील सांगू शकतात का, आणि सोनोग्राफीत मागची बाजू स्वच्छ आहे का, या दोन तपासण्यांवरून पुढच्या नजरेचा अंदाज बांधता येतो. दोन्ही चांगल्या असतील तर आशा धरायला जागा आहे. काही जणांना पहिल्याच रोपणातून कामापुरतं दिसतं. ते झालं तर वरकड समजा. आणि उजेडही कळत नसेल, पू मागच्या पोकळीत भरला असेल, तर रोपणाचा हट्ट न धरता डोळा आतून रिकामा करून कृत्रिम डोळा बसवणं हाच शहाणपणाचा मार्ग असतो. त्या टप्प्यावर जायच्या आधी तुम्ही आहात, म्हणून एवढं लांबण लावतोय.

ऑपरेशननंतरचे पहिले दोन-तीन आठवडे सगळ्यात निसरडे. बुरशी परत उगवली तर बहुधा याच काळात, जोडाच्या कडेला पांढरं दिसू लागतं किंवा आत पुन्हा पू दिसतो. म्हणून बुरशीचे थेंब तसेच चालू राहतात, आठवडेच्या आठवडे. कोणी म्हणेल, "रोपण केलं की स्टिरॉइडचे थेंब देतात, तुमच्याला का नाही दिले?" बॅक्टेरियाच्या संसर्गात लवकर देतात, ठरवून केलेल्या रोपणात दुसऱ्या दिवसापासून देतात. बुरशीत मुद्दाम रोखून धरतात, बुरशी गेल्याची खात्री होईपर्यंत, कारण स्टिरॉइड बुरशीला मोकळं रान देतं. शरीराने कॉर्निया नाकारू नये म्हणून त्याऐवजी सायक्लोस्पोरिन किंवा टॅक्रोलिमस दिलं जाऊ शकतं.

तुम्ही सुरुवातीला मेडिकलमधून आणलेली बाटली अजून घरी असेल तर डॉक्टरांना नेऊन दाखवा. लाली उतरली, बरं वाटलं, आणि मग एकदम बिघडलं, ही चाल स्टिरॉइडची असते. त्यावर डेक्सामिथासोन, बीटामिथासोन किंवा प्रेडनिसोलोन लिहिलेलं दिसलं तर बुरशी इतकी खोल का गेली याचा बराच उलगडा होईल. कुणाला दोष द्यायला नाही, पुढच्या औषधाची आखणी करायला हे लागतं.

घरी आल्यावर: प्लास्टिकची ढाल रात्री, चष्मा दिवसा. डोळ्यावर कापसाची घट्ट पट्टी नको. थेंब घालताना बाटलीचं टोक पापणीला लावायचं नाही, दोन औषधांत पाच मिनिटं सोडायची, आणि नाटामायसिनची बाटली दरवेळी चांगली हलवायची, नाहीतर औषध तळाशी आणि डोळ्यात नुसतं पाणी. साखर ताब्यात ठेवायची. टाके लगेच काढत नाहीत. सैल झाला तो आधी, बाकीचे पुढच्या महिन्यांत टप्प्याटप्प्याने. डोळ्यात अचानक काहीतरी टोचल्यासारखं झालं, पाणी आलं, तर टाका सैल झाला असं समजून त्याच दिवशी दाखवा, कारण त्या सैल टाक्याच्या वाटेने नवा संसर्ग शिरतो. लाली, उजेड सहन न होणं, नजर मंदावणं, दुखणं, यांतलं एकही आलं तर शरीर कॉर्निया नाकारतंय का हे बघायला हवं. आणि हा जोड कधीच मूळच्या बुबुळाइतका मजबूत होत नाही, दहा वर्षांनीही नाही. बैलाचं शिंग, नातवाचं डोकं, बसच्या दांड्याचा फटका, यांनी जुनं रोपण उघडलेलं आम्ही पाहतो.

सगळे जण विचारतात म्हणून: हे टाळता आलं असतं का? मदुराई जिल्ह्यात नव्वदच्या दशकात मोजलं तेव्हा वर्षाला लाखामागे ११३ लोकांना बुबुळाची अशी जखम होत होती; अमेरिकेतल्या एका परगण्यात तो आकडा ११ होता. फरक शेतातला आहे. नेपाळच्या भक्तपूरमध्ये गावोगावच्या कार्यकर्त्यांनी, डोळा नुसता खरचटला तरी १ टक्क्याचं क्लोरॅम्फेनिकॉल मलम दिवसातून तीनदा, तीन दिवस लावायची पद्धत बसवली. खरचटल्यापासून १८ तासांच्या आत ज्यांचं मलम सुरू झालं, त्यांच्यापैकी एकाच्याही डोळ्यात संसर्ग झाला नाही. तुमच्या शेतात आणखी चार माणसं पाचट काढत असतील, म्हणून लिहिलं. पात लागली, कुसळ गेलं, तर त्याच दिवशी आरोग्य केंद्र. मध नको, दूध नको, एरंडेल नको, जिभेने कुसळ काढणारी आजी तर मुळीच नको.

आता पुण्याचं. तुमच्या जिल्ह्यात कॉर्नियाचा सर्जन असेल आणि कॉर्निया हाताशी असेल, तर तिथेच करा. मोठ्या शहरात नवीन केसपेपर, नवीन तपासण्या यांत दोन दिवस जातात आणि तेच दोन दिवस तुमच्याकडे नाहीत. यातलं एक जरी नसेल तर आजच निघा, पण आधी फोन करून "तातडीच्या रोपणासाठी कॉर्निया आज-उद्या मिळेल का" एवढं विचारून. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाचा नेत्रविभागही विचारात घ्या. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत हे बसतं का, हे योजनेतल्या रुग्णालयाच्या आरोग्यमित्राला रेशनकार्ड दाखवून विचारा. ते भरती होण्याआधी विचारायचं. सोबत स्लाइड आणि कल्चरचा रिपोर्ट, रोजच्या मापांचे कागद, सगळ्या बाटल्या घ्या. गाडीतही थेंब तासाला चालू ठेवा. डोळ्यावर ढाल असू द्या, चोळू देऊ नका, खोकला असेल तर त्याचं औषध द्या, जड पिशवी त्यांच्या हातात देऊ नका.

आणि वाटेत कधी डोळ्यातून एकदम गरम पाणी आलं आणि ठणका थांबला, वडील म्हणाले "आता बरं वाटतंय", तर ते बरं वाटणं नाही, बुबुळ फुटलंय. तिथून पुढे काही खायला-प्यायला देऊ नका, कारण भूल द्यावी लागणार, आणि रुग्णालयाला पोचायच्या आधीच फोनवर तसं सांगा.